जुन्या कन्व्हर्टिबलमध्ये नवा स्टिरिओ: मूळ वायरिंग न कापता कसा बसवायचा

१९६०-७०च्या दशकातल्या उघड्या गाड्यांच्या वायरिंगमध्ये वरून काही जोडायची सोयच नसते. सुरुवातीच्या एमजीबीत (ब्रिटिश स्पोर्ट्स कार) अख्ख्या गाडीला मिळून दोन फ्यूज, आणि हेडलाइट व इग्निशन दोन्ही फ्यूजशिवाय थेट. अशा गाडीत डॅशबोर्डाखाली हात घालून जी 'चालू' वायर सापडेल तिला स्टिरिओची वायर पिळून टेप गुंडाळली, की गाणं लगेच लागतं. त्रास नंतर सुरू होतो. पन्नास वर्षांची ताठरलेली वायर गरम होते, आणि फ्यूजच नसल्यामुळे उडायलाही काही नसतं.

म्हणून या कामात मी एकच गोष्ट धरून चालतो: स्टिरिओचं सर्किट बॅटरीपासून अर्थिंगपर्यंत पूर्ण वेगळं. मूळ हार्नेस, म्हणजे वायरींचा जुडगा, सोलायचा नाही, कापायचा नाही, आणि उद्या स्टिरिओ काढला तर गाडीत एकही नवं भोक दिसता कामा नये. वायर थोडी जास्त लागते, पण काम सोपं होतं.

आधी व्होल्टेज आणि अर्थिंग तपासा

स्टिरिओ विकत घेण्याआधी दोन गोष्टी कळायला हव्यात. गाडी ६ व्होल्टची की १२, आणि बॉडीला बॅटरीचं कोणतं टोक जोडलेलं आहे. आजचा जवळपास प्रत्येक कार स्टिरिओ १२ व्होल्ट आणि निगेटिव्ह अर्थ धरूनच बनवलेला असतो. फोर्डने अमेरिकेत १९५६च्या मॉडेलपासून १२ व्होल्ट आणि निगेटिव्ह अर्थ आणलं; त्याआधीच्या त्यांच्या गाड्या ६ व्होल्ट, पॉझिटिव्ह अर्थ. ब्रिटिश गाड्या बराच काळ पॉझिटिव्ह अर्थच राहिल्या. एमजीबी १९६२ साली आली ती पॉझिटिव्ह अर्थ, आणि १९६७च्या अखेरीला मार्क टू आली तेव्हा निगेटिव्ह झाली. फोक्सवॅगन बीटलही १९६०च्या दशकाच्या मध्यापर्यंत ६ व्होल्टची होती.

पण मॉडेलच्या सालावर विसंबू नका. इतक्या वर्षांत कुणीतरी अर्थ बदललेला असू शकतो. मल्टिमीटर डीसी व्होल्टवर ठेवा, काळा प्रोब बॉडीच्या उघड्या धातूला लावा आणि लाल प्रोब बॅटरीच्या त्या टोकाला, ज्याची केबल बॉडीला जात नाही. आकडा सरळ १२च्या पुढे आला तर निगेटिव्ह अर्थ. आकड्याआधी वजा चिन्ह आलं तर पॉझिटिव्ह. सीटमागे ६ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या एकामागे एक जोडलेल्या असतील (जुन्या एमजीबीत तशाच असतात), तर मोजमाप पूर्ण जोडीवर घ्या. एकाच बॅटरीवर मीटर लावून गाडी ६ व्होल्टची समजणारे भेटतात.

गाडी पॉझिटिव्ह अर्थ निघाली तर

स्टिरिओची पेटी रबरात गुंडाळून बॉडीपासून वेगळी ठेवायची, हा जुगाड लोक सांगतात. त्याच्या नादी लागू नका. अँटेनाच्या केबलची बाहेरची जाळी स्टिरिओच्या निगेटिव्हला जोडलेली असते आणि अँटेनाचा पाया बॉडीला, म्हणजे तिथेच शॉर्ट. अँटेना सोडून दिली तरी यूएसबी केबलचं धातूचं टोक कधीतरी ॲशट्रेला टेकणारच.

खरे मार्ग दोन. पहिला, इनपुट आणि आउटपुट एकमेकांपासून पूर्ण अलग असलेला, म्हणजे आयसोलेटेड डीसी-डीसी कन्व्हर्टर घेणे. गाडीचं काहीही न बदलता त्याच्या आउटपुटवर स्टिरिओ चालतो. फक्त तो खरोखर आयसोलेटेड आहे ना हे मीटरने बघा: जोडण्याआधी इनपुट आणि आउटपुट यांच्यात कुठेही सातत्य (करंटला अखंड रस्ता) दिसायला नको. स्वस्तातल्या कन्व्हर्टरमध्ये दोन्हीकडचा मायनस आतून एकच असतो आणि आपल्या कामाला तो निरुपयोगी.

दुसरा मार्ग म्हणजे अख्खी गाडी निगेटिव्ह अर्थ करणे. डायनामोची (अल्टरनेटरच्या आधीच्या, बॅटरी चार्ज करणाऱ्या जनरेटरची) गाडी असेल तर ते वाटतं तितकं मोठं काम नाही. बॅटरी उलटी बसवायची. बॅटरीची दोन टोकं जाडीला वेगळी असल्यामुळे क्लॅम्पही बदलावे लागतात. इग्निशन कॉइलच्या दोन वायरींची अदलाबदल करायची, म्हणजे प्लस इग्निशनकडे आणि मायनस डिस्ट्रिब्युटरकडे. अँपमीटर असेल तर त्याच्याही वायरी उलट करायच्या. मग डायनामोला नव्या दिशेची चुंबकता द्यायची: डायनामोच्या 'एफ' टर्मिनलवरची वायर काढा, बॅटरीच्या बॉडीला न जोडलेल्या टोकाकडून एक वायर आणा आणि ती 'एफ'ला क्षणभर टेकवून उचला, असं तीन-चार वेळा. बारीक ठिणगी उडते, ती उडणारच. मात्र टेकवायचं टोक डायनामोकडचं. बॅटरीजवळ ठिणगी पाडायची नाही, कारण तिथे हायड्रोजन असू शकतो.

स्टार्टर आणि जुन्या वाइंडिंगवाल्या वायपर मोटारींना दिशेचा फरक पडत नाही. कायम चुंबकाची ब्लोअर मोटार असेल तर ती उलटी फिरेल, तिच्या वायरी बदला. इलेक्ट्रॉनिक टॅकोमीटर, ट्रान्झिस्टरचा मूळ रेडिओ आणि बाहेरून बसवलेलं इलेक्ट्रॉनिक इग्निशन या तीन गोष्टी मात्र उलट्या करंटवर जळू शकतात. त्यांची सोय आधी, बॅटरी नंतर. गाडीत अल्टरनेटर असेल तर डायनामोची ही कृती त्याच्यावर चुकूनही करू नका, आतले डायोड जातील.

६ व्होल्टच्या गाडीला ६चे १२ करणारा कन्व्हर्टर लागतो, पण हिशोब लक्षात ठेवा. १२ व्होल्टला ५ अँपिअर हवे असतील तर ६ व्होल्टच्या बाजूने निदान १०, आणि तोटा धरला तर ११-१२ अँपिअर ओढले जातात.

करंट किती शिल्लक आहे?

ब्रिटिश गाड्यांतल्या लुकास कंपनीच्या सी४० डायनामोची क्षमता २२ अँपिअर. रात्री पावसात गाडी चालवताना हेडलाइट साधारण ८ अँपिअर घेतात, टेललाइट आणि पॅनलचे दिवे दोनेक, कॉइल ३-४, वायपर अजून ३. उरले पाच-सहा. तेही इंजिन वेगात असताना. सिग्नलला उभं असताना डायनामो जवळपास काहीच देत नाही आणि सगळा भार बॅटरीवर येतो.

एवढ्यात साधा स्टिरिओ आरामात चालतो. खोक्यावर '४ × ५० वॅट' छापलेलं असलं तरी ४ ओमच्या स्पीकरवर सलग मिळणारी ताकद एका चॅनलला २० वॅटच्या आसपास असते, आणि नेहमीच्या आवाजाला पूर्ण स्टिरिओ दोन-चार अँपिअरमध्ये भागवतो. वेगळा मोठा अँप्लिफायर आणि सबवूफर हवा असेल तर मात्र आधी अल्टरनेटर बसवा. डायनामोवर तो हट्ट धरू नये.

स्टिरिओच्या निवडीवर फार बोलत नाही. १८० × ५० मिमीचा सिंगल डिन मूळ डॅशबोर्डात बसतोच असं नाही, आणि त्यासाठी धातूचा डॅश कापणं हा मला गाडीवरचा अत्याचार वाटतो. दोन दांड्यांचे, जुन्या चेहऱ्याचे नवे रेडिओ मिळतात. दांड्यांमधलं अंतर आणि मागची खोली मोजून घ्या, कारण मागे हीटरची नळी असते. नाहीतर सीटखाली लपणारा ब्लूटूथ अँप्लिफायर घ्या आणि मूळ रेडिओ शोभेला जागेवरच राहू द्या.

मुख्य वायर

बॅटरी सोडवताना बॉडीकडची केबल आधी काढा, मग ती प्लस असो वा मायनस. आधी दुसरं टोक सोडवायला गेलात आणि पाना बॉडीला टेकला तर पाना वेल्डिंगच्या कांडीसारखा लाल होतो.

मुख्य वायर बॅटरीच्या टोकावरून किंवा स्टार्टर सोलेनॉइडच्या जाड बोल्टवरून घ्या. २.५ चौरस मिमीची, बारीक तारांची लवचिक वायर पुरते. तिचा रोध मीटरला सुमारे ७ मिलिओम, म्हणजे ३ मीटरवर १० अँपिअरला फक्त ०.२ व्होल्ट पडतात. १५ अँपिअरचा फ्यूज बॅटरीपासून वीतभर अंतरात असायला हवा. तो वायरीचं रक्षण करण्यासाठी आहे; वायरीच्या शेवटी लावला तर मधली सगळी वायर उघडी पडली.

इंजिनाच्या बाजूने आत येताना नवं भोक न पाडता मूळ हार्नेसचं किंवा स्पीडोमीटर केबलचं भोक वापरा आणि रबरी ग्रोमेट नवा घाला. जुना ग्रोमेट बोटाने दाबला की भुगा होतो. बॅटरी सीटमागे असेल तर उत्तमच, वायर गालिच्याखालून, दोन सीटमधल्या उंचवट्याच्या (बोगद्याच्या) कडेने पुढे येते. पेट्रोलच्या नळीपासून, सायलेन्सरच्या उष्णतेपासून आणि पेडलच्या हालचालीपासून लांब ठेवा. पेडल पूर्ण दाबून, हाताने चाचपून बघा.

डॅशखाली ब्लेड फ्यूजची छोटी पेटी लावा. ती लटकवायला बहुधा एखादा मूळ स्क्रू सापडतो. स्टिरिओची पिवळी वायर, म्हणजे मेमरी आणि मुख्य ताकदीचा कायमचा करंट, इथे १० अँपिअरच्या फ्यूजवर.

लाल वायर आणि कॉइलचा घोटाळा

लाल वायर स्टिरिओला 'चालू हो' एवढंच सांगते. नव्या गाड्यांत ती ॲक्सेसरी पोझिशनला जोडतात, पण बऱ्याच जुन्या गाड्यांच्या किल्लीला ही पोझिशनच नसते. म्हणून लोक ती इग्निशनला जोडतात. इंजिन बंद ठेवून, किल्ली फिरवून समुद्राकडे बघत तासभर गाणी ऐकली, आणि इंजिन जिथे थांबलं तिथे नेमके डिस्ट्रिब्युटरमधले पॉइंट (कॉइलचा करंट जोडणारे-तोडणारे) मिटलेले असले, तर कॉइलमधून सलग ४ अँपिअर वाहत राहतात. ३ ओमच्या कॉइलमध्ये ही जवळपास ५० वॅटची उष्णता. कॉइलला हात लावता येत नाही इतकी तापते, आणि कधीकधी कायमची जाते.

यावर माझा उपाय म्हणजे तीन पोझिशनचा छोटा टॉगल स्विच, डॅशच्या खालच्या कडेला न दिसेल असा. मधे बंद. एका बाजूला थेट आपल्या फ्यूजपेटीतून, म्हणजे गाडी उभी असताना ऐकायला. दुसऱ्या बाजूला इग्निशनवर चालणाऱ्या रिलेमधून, म्हणजे किल्ली काढली की स्टिरिओ आपोआप बंद. रिलेच्या ३० नंबरला फ्यूजपेटीतून करंट, ८७ वरून टॉगलकडे, ८५ अर्थला आणि ८६ गाडीच्या इग्निशनच्या फ्यूज असलेल्या सर्किटला. रिले जेमतेम ०.१५ अँपिअर ओढतो, मूळ हार्नेसला तो कळतही नाही. हा जोडही वायर सोलून नको. गाडीच्या मूळ फ्यूजपेटीच्या मोकळ्या स्पेड टर्मिनलवर पिगीबॅक कनेक्टर (एका टर्मिनलवर दुसरी वायर घेणारा) लावला की झालं.

कोणती वायर इग्निशनची हे ब्रिटिश गाड्यांत रंगावरून कळतं: तपकिरी म्हणजे कायम चालू आणि फ्यूज नसलेली, पांढरी इग्निशनची पण फ्यूज नसलेली, हिरवी इग्निशनची आणि फ्यूजमधून आलेली, जांभळी कायम चालू पण फ्यूजमधली, काळी अर्थ. आपल्याला हिरवी हवी. तपकिरीला हात लावायचा नाही. इतर देशांच्या गाड्यांचे रंग वेगळे, आणि उन्हाने सगळेच मळकट दिसतात, त्यामुळे शेवटचा शब्द टेस्ट लॅम्पचा. स्टिरिओच्या प्लगचे रंग मात्र बऱ्याच कंपन्यांत सारखेच: पिवळा कायम, लाल स्विचचा, काळा अर्थ, निळा पॉवर अँटेनाचा, निळा-पांढरा अँप्लिफायर चालू करण्याचा. निळ्या वायरीतून करंट बाहेर येतो, आत जात नाही.

काळी वायर स्वतंत्रपणे बॉडीच्या जाड पत्र्यावर न्या. डॅशच्या स्क्रूवर सोडू नका. त्या डॅशचा बॉडीशी संबंध अनेकदा गंजक्या स्क्रूपुरताच उरलेला असतो. बोल्टखालचा रंग खरवडून पत्रा चकचकीत करा, दातेरी वॉशर घाला, घट्ट आवळा आणि वर व्हॅसलीनचा हात फिरवा. काम झाल्यावर गाणं मोठ्याने लावून काळी वायर आणि बॅटरीचा मायनस यांच्यात व्होल्टेज मोजा. ०.१ च्या वर गेलं तर अर्थिंग कच्चं आहे.

जोड सगळे क्रिंप करायचे, वर हीटश्रिंक स्लीव्ह. वायर कापत जाणारे ते निळे चिमटा कनेक्टर मी गाडीत येऊच देत नाही.

स्पीकर

जुन्या रेडिओत स्पीकरला बहुधा एकच वायर जायची आणि परतीचा रस्ता बॉडीतून असायचा. आजच्या स्टिरिओत हे अजिबात चालत नाही. आउटपुट ब्रिज पद्धतीचं असल्यामुळे स्पीकरच्या प्लस आणि मायनस दोन्ही वायरींवर साधारण ६ व्होल्ट असतात. त्यातली कोणतीही बॉडीला लागली की आउटपुटची आयसी (चिप) धोक्यात. त्यामुळे मूळ स्पीकर वायर विसरा आणि प्रत्येक स्पीकरला १.५ चौरस मिमीची नवी जोडी द्या. पांढरी जोडी पुढचा डावा, राखाडी पुढचा उजवा, हिरवी मागचा डावा, जांभळी मागचा उजवा. पट्टा असलेली वायर मायनस. दोनच स्पीकर लावणार असाल तर उरलेल्या प्रत्येक वायरीच्या टोकाला वेगवेगळी स्लीव्ह. चारही एकत्र करून टेप मारू नका.

डॅशच्या मधे एकाच स्पीकरची जागा असेल तर डावी-उजवी एकत्र पिळायची नाहीत. दोन व्हॉइस कॉइल असलेला स्पीकर मिळतो, एका कॉइलला डावी जोडी आणि दुसरीला उजवी. स्पीकरवर खुणा नसतील तर १.५ व्होल्टचा सेल क्षणभर लावा. कोन बाहेर आला तर सेलचा प्लस ज्या टोकाला आहे ते प्लस. एक स्पीकर उलटा लागला तर बेस नाहीसा होतो आणि लोक स्पीकरला दोष देतात.

कन्व्हर्टिबलमध्ये जागा शोधणं हेच मोठं काम. मागे पार्सल शेल्फ नसतो, छप्पर जिथे दुमडतं तिथे पाणी साचतं, आणि छपराच्या सांगाड्याला लागणारी जागा डोळ्याला दिसते त्याहून मोठी असते. मागे काही बसवण्याआधी छप्पर पूर्ण उघडून-मिटून बघा, अगदी सावकाश, एकाने खाली वाकून नजर ठेवत. मला स्वतःला पायाजवळच्या बाजूच्या पॅनलमध्ये स्पीकर आवडतात. तिथे ऊन-पाऊस कमी आणि दार कापावं लागत नाही. दारात लावायचेच असतील तर काच पूर्ण खाली घेऊन चुंबक आणि काच यांच्यात बोटभर अंतर राहतं का ते पाहा. वायर दोन ग्रोमेटमधून, सैल वळण ठेवून. कोन कागदाचा नको, पॉलिप्रॉपिलिनचा हवा. बोटींसाठी बनवलेले स्पीकर इथे चांगले टिकतात.

बेसची अपेक्षा बेताची ठेवा. बंद गाडीत केबिन स्वतःच खालच्या सुरांना उचल देते, छप्पर उघडलं की ती उचल संपते आणि वाऱ्याची घरघर नेमक्या त्याच सुरांवर बसते. स्टिरिओतला हाय-पास फिल्टर १०० हर्ट्झच्या आसपास लावा. छोटे स्पीकर निरर्थक धडपडायचे थांबतात आणि आवाज जास्त वाढवता येतो.

अँटेना आणि पहिला करंट

एफएमसाठी ७५ सेंटिमीटरची अँटेना पुरते, ती १०० मेगाहर्ट्झच्या लहरीचा चौथा भाग. तिच्या पायाखालचा मडगार्डचा पत्रा खालून खरवडलेला हवा. मीटरवर टोकापासून प्लगच्या मधल्या पिनपर्यंत सातत्य, बाहेरच्या कवचापासून बॉडीपर्यंत सातत्य, आणि टोक ते बॉडी काहीच नाही, असं दिसलं की अँटेना ठीक.

आता बॅटरी जोडा, बॉडीकडची केबल सगळ्यात शेवटी. मुख्य फ्यूज मात्र लगेच लावू नका. त्याच्या जागी इंडिकेटरचा २१ वॅटचा बल्ब दोन वायरींनी जोडा. बल्ब विझलेला राहिला तर छान. पूर्ण उजेडात पेटला तर कुठेतरी शॉर्ट आहे, पण बल्बामुळे करंट दोन अँपिअरच्या आतच राहतो आणि काही जळत नाही. स्टिरिओ चालू करताना बल्ब मंद लुकलुकला तर ते ठीकच आहे. समाधान झालं की बल्ब काढून फ्यूज बसवा, आणि मगच स्टिरिओ डॅशमध्ये ढकला. मागच्या बाजूला धातूची पट्टी लावून आधार द्या. जुन्या सस्पेन्शनचे धक्के पुढच्या दोन नटांवर सोडू नका.

इंजिन चालू केल्यावर येणारा आवाज

आवाज येत असेल तर आधी अँटेनाचा प्लग उपटा. आवाज गेला तर तो हवेतून, अँटेनामार्गे येतोय. राहिला तर करंटच्या वायरीतून. इंजिनाच्या वेगाबरोबर चढणारी टकटक इग्निशनची, आणि शिट्टीसारखा चढता-उतरता सूर चार्जिंगचा.

टकटकीवर पहिला उपाय रेझिस्टर असलेले स्पार्क प्लग (एनजीकेच्या नंबरातला 'आर', जसा बीपीआर६ईएस) किंवा रोध असलेल्या एचटी वायरी (स्पार्क प्लगला जाणाऱ्या जाड वायरी). नुसत्या तांब्याच्या एचटी वायरी म्हणजे चालतं-फिरतं रेडिओ स्टेशन. दुसरा, कॉइलच्या इग्निशनकडच्या टर्मिनलवर १ मायक्रोफॅरॅडचा सप्रेसर कपॅसिटर. पॉइंटकडच्या टर्मिनलवर तो कधीही लावायचा नाही, ठिणगीच कमजोर होईल. डायनामोवर लावताना जाड 'डी' टर्मिनलवर. 'एफ'वर लावला तर रेग्युलेटरचे पॉइंट जळतात. शिट्टी तरीही राहिली तर पिवळ्या वायरीत फिल्टर घाला, पण आधी अर्थिंग पुन्हा तपासा, बहुतेक वेळा खोट तिथेच असते. किल्ली फिरवल्यावर, इंजिन चालू होण्याआधीच टिकटिक येत असेल तर इलेक्ट्रिक पेट्रोल पंपाकडे बघा.

शेवटी मेमरीचा हिशोब. पिवळी वायर सतत काही मिलिअँपिअर घेत राहते. १० धरले तरी महिन्याला ७.२ अँपिअर-तास, आणि ही गाडी महिनोन्महिने कव्हरखाली उभी राहणारी. बॅटरीला मेन स्विच असेल तर तो बंद करा. स्टेशनं पुन्हा लावायला दोन मिनिटं लागतात. नसेल तर पिवळ्या वायरीचा फ्यूज हाताला येईल असा बसवा आणि गाडी उभी करताना उपसून ठेवा. जोडणीचा कागदावर काढलेला नकाशा, फ्यूजचे आकडे आणि रिलेची जागा लिहून, ग्लोव्हबॉक्समध्ये टाका, आणि मूळ रेडिओ त्याच्या स्क्रू-नटांसकट डब्यात घालून कोरड्या जागी ठेवा.